मूठभर वाचकांची भीति

परक्या राज्यकर्त्यांच्या भाषेंत निघणारें वर्तमानपत्र खऱ्या अर्थानें स्वतंत्र असूंच शकत नाहीं, असें एक मत हल्लीं आपल्या सुशिक्षित वर्गांत मोठ्या आत्मविश्वासानें मांडलें जातें. पश्चिम आफ्रिकेंतील बुर्किना फासो या देशाविषयीं बोलणें निघालें म्हणजे तर हें मत सिद्धांताच्या थाटांत पुढें येतें. तेथें कप्तान इब्राहिम त्राओरे या तरुण सेनाधिकाऱ्यानें सप्टेंबर २०२२ मध्यें सत्ता हातीं घेतली, फ्रेंच सैन्यास घालवून दिलें, फ्रेंच भाषेचा राजभाषेचा मान काढून घेतला. आणि हें पाहून आमच्याकडील कित्येक स्वाभिमानी मंडळींस इतका हर्ष झाला कीं, त्याच कप्तानाच्या राज्यांत पत्रकारांस उचलून नेलें जातें ही गोष्ट त्यांस केवळ तपशिलाची वाटूं लागली. 'अहो, तीं पत्रें फ्रेंच भाषेंतलीं! त्यांचे वाचक ते किती, आणि त्यांचा जनतेशीं संबंध तो काय?' असें विचारून ते विषय संपवितात.

विषय इतक्या स्वस्तांत संपत नाहीं. वर्तमानपत्राचें स्वातंत्र्य मोजावयाचें तर तें कोणाची भीड न धरतां लिहितें हें पाहावें लागतें. त्याची लिपि व व्याकरण पाहून तें मोजतां येत नाहीं. आणि 'वाचक मूठभर' हा जो आक्षेप सत्ताधाऱ्यांच्या वतीनें घेतला जातो, त्यास खुद्द सत्ताधाऱ्यांनींच आपल्या कृतीनें वेळोवेळीं उत्तर देऊन ठेवलें आहे. तें उत्तर समजून घ्यावयाचें तर वागादुगू या राजधानींतील एका दैनिकाची हकीकत ऐकली पाहिजे. 'लोब्सेर्व्हातर पाल्गा' हें त्याचें नांव.

आधीं प्रतिपक्षाच्या पदरांत त्याचें माप पुरें घालूं. बुर्किना फासोंत साठ-एक भाषा बोलल्या जातात. त्यांपैकीं मोस्सी लोकांची मोरे ही भाषा सर्वांत मोठी. जवळजवळ निम्म्या लोकांची ती मातृभाषा आहे. फ्रेंच ही कोणाच्याहि पाळण्यांतली भाषा नव्हे. ती शाळेंतून येते, आणि शाळा सर्वांच्या वांट्यास येत नाहीं. प्रौढांपैकीं निम्म्याहून कमी लोकांस लिहितां वाचतां येतें. दैनिकाच्या एका अंकास जे पैसे पडतात, तेवढ्यांत रस्त्यावर एका माणसाचें जेवण होतें. दोन कोटींहून अधिक वस्तीच्या देशांत खप कांहीं हजारांचा. त्यांतहि राजधानी आणि बोबो-दियुलासो हें दुसरें मोठें शहर वगळलें, तर बाकीचा देश छापील कागदावांचूनच दिवस काढतो. हें सर्व खरें आहे, आणि यांतील एकहि गोष्ट आम्ही नाकारीत नाहीं. आम्ही नाकारतों तें यावरून काढलेलें अनुमान.

त्या देशाचा पूर्वेतिहास थोडक्यांत असा. अप्पर व्होल्टा ही वसाहत फ्रेंचांनीं १९१९ सालीं निर्माण केली, १९३२ सालीं मोडून तिचे तुकडे शेजारच्या वसाहतींस जोडून टाकले, आणि १९४७ सालीं ते पुन्हां सांधले. आयव्हरी कोस्टमधील मळ्यांस व रेल्वेच्या कामास मजूर पुरविणारें कोठार, एवढीच तिची किंमत. ज्या भूमीकडे कोठार म्हणून पाहावयाचें, तेथें छापखान्यांची गरज ती कोणास? डाकार व आबिजान येथें पत्रें निघत, त्यांवर वाद होत, खटले भरले जात. वागादुगूच्या वांट्यास यांतलें फारसें कांहीं आलें नाहीं. ५ ऑगस्ट १९६० रोजीं स्वातंत्र्य आलें, तरी पुढें बारातेरा वर्षें जें छापलें जाई तें बहुतेक सरकारचें, नाहीं तर मिशनऱ्यांचें.

अशा देशांत २८ मे १९७३ रोजीं एदुआर वेद्राओगो यांनीं 'लोब्सेर्व्हातर' म्हणजे 'निरीक्षक' या नांवाचें खासगी दैनिक काढलें. काळ दुष्काळाचा होता. सहाराच्या काठावरचे सगळे देश त्या वर्षीं होरपळून निघत होते. कागद परदेशांतून यावयाचा, यंत्राचे सुटे भाग परदेशांतून यावयाचे, वर्गणीदार हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि डोक्यावर लष्करी सेनापतींचें राज्य. सुबुद्ध व्यापाऱ्यानें अशा धंद्यांत पैसा घातला नसता. तरीहि तें पत्र निघालें व टिकलें. १९७३ ते १९८३ या दहा वर्षांत देशानें चार राजवटी पाहिल्या: लामिझाना गेले, झेर्बो आले, झेर्बो गेले, डॉक्टर वेद्राओगो आले, तेहि गेले आणि ऑगस्ट १९८३ मध्यें कप्तान तोमा सांकारा आले. 'निरीक्षक' मात्र आपल्या जागीं होता. जो जो सिंहासनावर बसे, त्याच्याविषयीं दुसऱ्या दिवशीं कांहीं तरी लिहिणारा एक खासगी मनुष्य या शहरांत आहे, एवढी गोष्ट लोकांच्या अंगवळणीं पडली. नव्या राष्ट्रांत ही संवय लागणें लहानसहान नव्हे.

सांकारांचें नांव निघालें कीं आमच्या प्रतिपक्षाचा कंठ दाटून येतो, आणि त्यांत कांहीं अयोग्य आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. त्या मनुष्याची निःस्पृहता विरळा होती. मंत्र्यांच्या डौलदार मोटारी विकून त्यांस लहान गाड्यांत बसविणारा, लक्षावधि मुलांस अल्पावधींत लसी टोचविणारा, स्त्रियांस सन्मानानें कारभारांत घेणारा, ओसाड जमिनीवर झाडें लावविणारा राज्यकर्ता आफ्रिकेंतच काय, इतरत्रहि शोधून सांपडणें कठीण. ४ ऑगस्ट १९८४ रोजीं त्यांनीं देशाचें जुनें वसाहतीचें नांव टाकून मोरे व ज्युला या दोन भाषांतील शब्द सांधून 'बुर्किना फासो', म्हणजे सचोटीच्या लोकांची भूमि, हें नांव दिलें. पण त्याच वर्षाच्या आरंभींच्या महिन्यांत घडलेल्या दोन गोष्टी या स्तुतिपाठांत सहसा येत नाहींत. ५ एप्रिल १९८४ रोजीं क्रांतिसरकारनें आपलें स्वतःचें दैनिक काढलें. त्याचें नांव 'सिदवाया'. मोरे भाषेंत याचा अर्थ 'सत्य आलें आहे'. आणि जून १९८४ मध्यें 'लोब्सेर्व्हातर'ची कचेरी जळून खाक झाली.

सत्य आलें, आणि दोन महिन्यांत निरीक्षकाचें घर जळालें. पुढें पांच वर्षें तें पत्र निघालें नाहीं.

येथें आम्ही प्रतिपक्षास सरळ प्रश्न करतों. ज्या पत्राचे वाचक मूठभर, ज्याची भाषा लोकांस कळत नाहीं, ज्याचा जनतेशीं संबंध नाहीं, तें पत्र जाळण्याची यातायात कोणास कशासाठीं करावीशी वाटली? निरुपयोगी वस्तु कोणी जाळीत नाहीं. ती कोपऱ्यांत पडून राहते. शिवाय 'सिदवाया' हें दैनिक कोणत्या भाषेंत निघे? नांव मोरे भाषेंतलें, आणि आंतला मजकूर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत फ्रेंच! म्हणजे परकी भाषा हा जर दोष असेल, तर तो सरकारी पत्रासहि तितकाच लागू. परंतु सरकारी पत्राच्या दाराशीं काडी घेऊन कोणी गेला नाहीं. फ्रेंच भाषा तेव्हां नडली ती फक्त टीकाकाराच्या तोंडीं.

आणि याची किंमत कोणीं दिली हेंहि पाहावें. १५ ऑक्टोबर १९८७ रोजीं सांकारा व त्यांचे बारा सहकारी गोळ्यांनीं ठार झाले, आणि त्यांचे जिवलग म्हणविणारे ब्लेझ कोंपाओरे गादीवर आले. गोळ्यांनीं चाळण झालेल्या त्या देहाच्या मृत्यूच्या दाखल्यावर सरकारी डॉक्टरानें कारण लिहिलें: नैसर्गिक मृत्यु. ही थट्टा छापून 'हें कसें?' असें विचारणारें खासगी दैनिक त्या दिवशीं त्या देशांत एकहि नव्हतें. होतें तें जळालें होतें. उरलें होतें तें सरकारचें, आणि सरकार आतां दुसऱ्याचें झालें होतें. सांकारांच्या खुनाबद्दल वागादुगूच्या लष्करी न्यायालयानें कोंपाओरे यांस, ते फरारी असतां, जन्मठेपेची शिक्षा सुनावली ती एप्रिल २०२२ मध्यें, साडेचौतीस वर्षांनंतर. सांकारांच्या भक्तांनीं या एका हिशोबाचा विचार करावा, असें आम्हांस मनापासून वाटतें. स्वतःच्या राज्यांत ज्या आवाजाची त्यांस अडचण वाटली, त्याच आवाजाची त्यांच्या प्रेतास सर्वांत अधिक गरज होती.

१९८९ सालीं तें पत्र पुन्हां निघालें, तेव्हां त्यानें आपल्या फ्रेंच नांवास मोरे भाषेंतला एक शब्द जोडून घेतला: 'पाल्गा', म्हणजे नवा. 'निरीक्षक' तोच, जन्म नवा. राखेंतून उठलेल्या माणसानें फार न बोलतां नुसतें आपलें नांव सांगावें, तशी ही रीत आम्हांस वाटते. लवकरच 'ले पेई', म्हणजे 'देश', यासारखीं दुसरीं खासगी दैनिकें त्याच्या जोडीस आलीं, आणि १९९१ सालच्या राज्यघटनेनंतर वागादुगूंत सकाळीं एकाहून अधिक पत्रें विकत घेतां येऊं लागलीं.

आतां 'जनतेशीं संबंध नाहीं' या आक्षेपाकडे वळूं, कारण तोच सर्वांत वजनदार समजला जातो. हा आक्षेप घेणारे वाचन म्हणजे काय याचा विचार आपल्या बैठकीच्या खोलींतील आरामखुर्चीवरून करतात. आमच्या घरीं एक मनुष्य एक पत्र विकत घेतो, चहा घेतां घेतां तें वाचतो, आणि दुपारीं तें रद्दींत जातें. तिकडे तसें नाहीं. एक अंक कचेरींतून कचेरींत, कचेरींतून घरीं, घरांतून शेजारीं असा हिंडतो. आबिजानमध्यें पत्रविक्याच्या टपरीपुढें घोळका करून उभ्या उभ्या नुसते मथळे वाचणाऱ्या व त्यांवर तासन्तास वाद घालणाऱ्या लोकांच्या या विद्येस 'तित्रोलोजी', म्हणजे मथळेशास्त्र, असें खास नांवच पडलें आहे. बुर्किनामध्यें सकाळच्या नभोवाणीवर दैनिकांतील बातम्यांचा गोषवारा मोरे, ज्युला व फुल्फुल्दे या भाषांतून सांगितला जातो. रात्रीं फ्रेंच भाषेंत लिहिलेलें वाक्य सकाळीं मोरे भाषेंत शेतकऱ्याच्या कानांवर पडतें. तें कोणत्या भाषेंत जन्मलें याची चौकशी शेतकरी करीत बसत नाहीं, तें खरें कीं खोटें एवढें पाहतो. ज्यास अक्षर येत नाहीं त्यास वर्तमानपत्राचा उपयोग नाहीं, ही समजूत अक्षर येणाऱ्यांची आहे.

'लोब्सेर्व्हातर'चें एक सदर या दृष्टीनें पाहण्यासारखें आहे. दर शुक्रवारीं त्यांत 'लाय गांवास पत्र' अशा अर्थाच्या मथळ्याखालीं एक पत्र येतें. लाय हें राजधानीजवळचें एक खेडें. शहरांत राहणारा एक भाऊ टोपणनांवानें खेड्यांतील आपल्या चुलतभावास आठवड्याची हकीकत कळवितो: कोणत्या मंत्र्याची खुर्ची हालत आहे, कोणत्या खात्यांत काय शिजत आहे, दरबारांत कोणाचें वजन वाढलें. भाषा फ्रेंच, पण बसण्याची ढब खेड्यांतल्या पारावरची. सरकारच्या गुप्त गोष्टी सांगावयाच्या आणि त्याहि जणूं घरगुती पत्रांत, ही युक्ति ज्यास सुचली त्यास आपला वाचक कोण हें पक्कें ठाऊक होतें. या पत्रास 'जनतेपासून तुटलेलें' म्हणणाऱ्यांनीं तें एकदां तरी वाचलें आहे काय, अशी शंका येते.

पण संबंधाचा खरा पुरावा रस्त्यावर मिळाला, आणि तो एका मृत्यूनें दिला. नोर्बेर झोंगो हे 'लँदेपांदाँ' या साप्ताहिकाचे संपादक. तेंहि फ्रेंच भाषेंतच निघे. राष्ट्राध्यक्षांचे धाकटे बंधु फ्रांस्वा कोंपाओरे यांच्या मोटारचालकावर चोरीचा आळ आला, आणि राष्ट्राध्यक्षांच्या शरीररक्षक दलाच्या ताब्यांत त्याचा जानेवारी १९९८ मध्यें अंत झाला. झोंगो यांनीं हें प्रकरण धरलें आणि सोडलें नाहीं. अंकामागून अंकांत ते तेंच विचारीत राहिले: तो मनुष्य कसा मेला? १३ डिसेंबर १९९८ रोजीं सापुई गांवाजवळ त्यांची जळालेली मोटार सांपडली. आंत ते व त्यांचे तीन सोबती मृतावस्थेंत होते. बातमी आली आणि वागादुगू पेटून उठलें. प्रेतयात्रेस लोटलेल्या त्या प्रचंड जनसमुदायांत फ्रेंच पत्र स्वतः वाचूं शकणारे किती होते? बाजारांतल्या बायका होत्या, सायकली दुरुस्त करणारे होते, शाळेचीं मुलें होतीं. एका गरीब मोटारचालकाच्या मरणाची चौकशी करतां करतां जो मेला, तो आपला होता, एवढें त्यांस कळलें होतें. पुढें महिनेच्या महिने संप व मोर्चे चालले. 'आतां फार झालें' ही त्यांची हांक होती, आणि ज्या सरकारास मूठभर वाचकांची पर्वा नव्हती, त्यास चौकशीमंडळ नेमणें भाग पडलें. २००६ सालीं खटला बंद करण्यांत आला, तरी लोक १३ डिसेंबर विसरले नाहींत. २८ मार्च २०१४ रोजीं मानवी हक्कांच्या आफ्रिकन न्यायालयानें निकाल दिला कीं, मारेकरी शोधून काढून त्यांस न्यायासनापुढें आणण्याचें आपलें कर्तव्य बुर्किना फासोच्या सरकारनें बजावलें नाहीं. त्याच वर्षीं ऑक्टोबरअखेर कोंपाओरे यांस जनतेनें सत्तेवरून खेंचलें. हें सर्व एका साप्ताहिकामुळें झालें असें म्हणण्याइतके आम्ही भोळे नाहीं. परंतु त्या सत्तावीस वर्षांच्या राजवटीची भिंत प्रथम कोठें तडकली असें विचारल्यास, वागादुगूंतील कोणीहि मनुष्य सापुईच्या रस्त्याकडे बोट दाखवील.

परकी भाषा ही नेहमीं बेडीच असते असेंहि नाहीं. कधीं कधीं ती ढाल होते. हें आम्हां मराठी लोकांस तरी शिकविण्याची गरज पडूं नये. १८७८ सालीं लिटनशाहीनें देशी भाषांतील पत्रांचा गळा आवळणारा कायदा केला, तेव्हां इंग्रजी भाषेंतील पत्रें त्यांतून वगळलीं होतीं. म्हणूनच कलकत्त्याच्या 'अमृत बझार पत्रिके'नें जवळजवळ रातोरात इंग्रजी वेष धारण केला. टिळक-आगरकरांनीं १८८१ सालीं 'केसरी'च्या जोडीस 'मराठा' इंग्रजींत काढला, तो कांहीं इंग्रजीच्या प्रेमानें नव्हे. फ्रेंच वसाहतींत तर प्रकार असा कीं, फ्रेंचेतर भाषेंत पत्र काढावयाचें तर सरकारची परवानगी लागे. म्हणजे मोरे भाषेंत पत्रकारिता रुजली नाहीं याचें पहिलें कारण ते परकी राज्यकर्तेच. त्यांनीं बंद ठेवलेल्या दाराचा दोष, उघड्या राहिलेल्या एकमेव खिडकींतून बोलणाऱ्यावर टाकणें हा न्याय आम्हांस समजत नाहीं.

आमचा पक्ष म्हणजे निष्कलंक साधूंचा पक्ष असाहि आमचा दावा नाहीं. पश्चिम आफ्रिकेंतील खासगी पत्रें सरकारी जाहिरातींवर बरींचशीं अवलंबून असतात, आणि बुर्किनामध्यें सरकार त्यांस वार्षिक अनुदानहि देत आलें आहे. समारंभाच्या अखेरीस बातमीदाराच्या हातांत अलगद पडणाऱ्या पाकिटास तिकडच्या बोलींत 'गोंबो', म्हणजे भेंडी, म्हणतात. ज्या गोष्टीस लोकांनीं इतकें घरगुती नांव दिलें, ती क्वचित् घडणारी नसावी. कित्येक पत्रें एखाद्या पुढाऱ्याच्या पैशावर निघतात आणि निवडणूक संपली कीं बंद पडतात. पण यावरून सिद्ध काय होतें? पत्रकार गरीब आहे व मोहांत पडतो, इतकेंच. ज्या पत्राची जाहिरात तोडतां येते तें पुरें स्वतंत्र नव्हे हें कबूल. परंतु ज्याची जाहिरात तोडावी लागते, तें पुरें गुलामहि नव्हे. 'सिदवाया'ची जाहिरात आजवर कोणत्याहि सरकारास तोडावी लागलेली नाहीं.

आतां कप्तान त्राओरे यांच्या राजवटीकडे येऊं, कारण आमच्या मंडळींचा खरा जिव्हाळा तेथें आहे. देश संकटांत आहे यांत शंका नाहीं. २०१५ सालापासून जिहादी टोळ्यांनीं उत्तर व पूर्व भाग पोखरला. वीस लाखांहून अधिक माणसें घरेंदारें सोडून पळालीं. फ्रेंच सैन्य असतांनाहि हें थांबलें नाहीं, त्यामुळें लोक चिडले, आणि त्या चिडीवर कप्तान आरूढ झाला. युद्धकाळीं वर्तमानपत्रांस कांहीं बंधनें पाळावीं लागतात, हेंहि आम्ही समजतों. पण बंधनें कोणत्या क्रमानें आलीं तें पाहा. डिसेंबर २०२२ मध्यें फ्रान्सचें आंतरराष्ट्रीय नभोवाणी केंद्र बंद केलें. प्रतिपक्ष म्हणाला, परकें होतें, बरें झालें. एप्रिल २०२३ मध्यें पॅरिसच्या 'ल माँद' व 'लिबेरासियाँ' या दैनिकांच्या बातमीदारांस हांकलून दिलें, तेहि परके. ऑगस्ट २०२३ मध्यें 'ओमेगा' या नभोवाणी केंद्राचें तोंड महिनाभर बंद केलें; तें तर वागादुगूचेंच होतें. जून २०२४ मध्यें 'लेव्हेनमाँ' या पत्रावर महिन्याची बंदी आली, आणि त्याच सुमारास त्याचे संचालक सर्ज ऊलों यांस हत्यारबंद लोक घेऊन गेले. पुढें सरकारनेंच कबूल केलें कीं त्यांस सक्तीनें सैन्यांत भरती केलें आहे. मार्च २०२५ मध्यें पत्रकारांच्या संघाच्या अध्यक्षांनीं, सरकारी माध्यमें केवळ प्रचाराचीं साधनें झालीं आहेत असें उघड सभेंत म्हटलें. थोड्याच दिवसांत त्यांस व त्यांच्या सहकाऱ्यांस पकडण्यांत आलें, संघ विसर्जित झाल्याचें जाहीर झालें, आणि एप्रिलमध्यें ते पत्रकार सैनिकी पोषाखांत असलेले लोकांस दिसले. जुलै २०२५ मध्यें त्यांची सुटका झाली.

म्हणजे लेखणी धरणाऱ्या हातांत शिक्षा म्हणून बंदूक द्यावयाची! देशरक्षण हा जर मान असेल, तर तो शिक्षा म्हणून कसा देतां येतो? आणि ती शिक्षा असेल, तर रोज आघाडीवर मरणाऱ्या साध्या सैनिकाचा हा केवढा अपमान! कप्तानाच्या स्तुतींत रंगलेल्या मंडळींपैकीं एकानेंहि हा प्रश्न विचारलेला आमच्या ऐकिवांत नाहीं.

राहतां राहिला भाषेचा मुद्दा. डिसेंबर २०२३ मध्यें त्राओरे यांच्या सरकारनें घटना दुरुस्त केली. फ्रेंचला राजभाषेच्या पदावरून उतरवून केवळ कामकाजाची भाषा ठरविलें, आणि देशी भाषांस राजभाषेचा मान दिला. या कृत्याचें आम्ही मनःपूर्वक स्वागत करतों. स्वभाषेचें प्रेम आम्हांस कोणीं शिकवावें असें नाहीं, आणि मोरे भाषेंत उद्यां स्वतंत्र दैनिक निघालें तर 'लोब्सेर्व्हातर पाल्गा'च्या खपास धक्का बसला तरी आम्हांस दुःख होणार नाहीं. फ्रेंच भाषेचा कैवार घेऊन आम्ही बसलेलों नाहीं. उद्यां तिची गरज संपो. परंतु ज्यांनीं ही घटना दुरुस्त केली, त्यांनींच त्यानंतर चार महिन्यांत काय केलें तें विसरून चालणार नाहीं. २५ फेब्रुवारी २०२४ रोजीं उत्तरेकडील नोंदँ व सोरो या दोन गांवांत २२३ माणसें मारलीं गेलीं. त्यांत किमान ५६ लहान मुलें होतीं, आणि मारणारे सरकारी सैनिक होते, असा अहवाल मानवी हक्कांचें काम करणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय संस्थेनें एप्रिलमध्यें प्रसिद्ध केला. सरकारनें तो अमान्य केला. पण तेवढ्यावर न थांबतां ज्या ज्या नभोवाणी केंद्रांनीं व पत्रांनीं तो छापला वा सांगितला, त्यांतील एकामागून एकावर बंदी घातली. त्या गांवांतले लोक फ्रेंच बोलत नसत. ते मोरे बोलत.

तेव्हां आमच्या स्वभाषाभिमानी मित्रांस आमची एवढीच विनंति आहे. मोरे भाषेंतलें तें दैनिक उद्यांच निघावें, वागादुगूंत निघावें, कप्तानाच्या आशीर्वादानें निघावें. फक्त पहिल्या अंकांत नोंदँ व सोरो येथील मृतांचीं नांवें मोरे भाषेंत छापण्याची त्यास मोकळीक असावी, आणि दुसरा अंक निघावयाच्या आंत त्याच्या संपादकास आघाडीवर धाडलें जाणार नाहीं, याची हमी आपल्यापैकीं कोण घेतो तें त्यांनीं सांगावें.